चेअरमनबाईंची हरकत

मला राहायला खोली हवी होती, आणि त्यांनी माझ्याकडे अर्ज मागितला.

"खोली हाय," म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "पर तोंडी नगं. दरखास्त द्या. कोन, कुठले, काय नोकरी, किती दिवस ऱ्हानार. खाली दस्तखत."

मी नवाकोरा तलाठी. परभणीकडून बस बदलत बदलत आलेला. आता लोक आपल्याकडे अर्ज घेऊन येणार, या तोऱ्यात होतो. पहिल्याच दिवशी मीच गोठ्याच्या दारात उकिडवा बसून, सुटकेसवर कागद ठेवून अर्ज लिहीत होतो. लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "वाचा." मी वाचला. "आता दुसऱ्यांदा." दुसऱ्यांदा वाचला. मग त्या आत गेल्या, दूध संस्थेचा शिक्का मारलेला एक चिटोरा घेऊन आल्या आणि माझ्या हातात ठेवला.

"ही तुमची पोच. जपून ठिवा. आन हात धुवा, भाकरी झालीया."

गाव बालाघाटाच्या पठारावरचं, आष्टीचा बाजार जवळ पडणारं. नाव मुद्दाम सांगत नाही. पुढे माझी एक चूक सांगणार आहे, ती गावाच्या नावावर चढायला नको. बाईंचंही नाव सांगत नाही. तसं ते गावात कुणी घेतही नसे. महिला दूध संस्थेच्या त्या चेअरमन, म्हणून लहानथोर सगळे त्यांना चेअरमनबाई म्हणत. नवरासुद्धा. तो अबोल माणूस दिवसातून चार वाक्यं बोलायचा, त्यातलं एक हमखास "चेअरमनबाई, वैरन संपली" हे असायचं, आणि त्यात थट्टेचा लवलेश नसायचा.

त्यांचं वय पन्नाशीच्या आसपास, शिक्षण चौथी. अकरा हंगाम नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेल्या होत्या. डाव्या करंगळीचं एक पेर कोयत्यानं तुटून तिकडेच राहिलं होतं. बाराव्या वर्षी एक म्हैस घेऊन त्या गावातच थांबल्या. तेव्हा एक खासगी दूधवाला गावातलं दूध न्यायचा आणि ज्यावर भाव ठरतो ते दुधाचं फॅट, यंत्र न दाखवता, नुसतं तोंडानं सांगायचा. बाईंनी त्याला विचारलं, "यंत्र तुजं, आकडा तुजा, मग आमी कोन रं?" बाईंनी गावातल्या बायांना जमवलं, बीडला खेटे घातले आणि संस्था नोंदवली. कचेरी म्हणजे त्यांच्याच घराची पडवी. एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि एक खुर्ची.

त्या खुर्चीवर बाई कधीही बसल्या नाहीत. खुर्चीवर फॅट काढायचं यंत्र ठेवलेलं असायचं. सभा असली की बाई सतरंजीवर, बायांच्या मधोमध. मी एकदा म्हटलं, "मावशी, चेअरमन तुम्ही, मग खुर्चीवर बसा की." त्या म्हणाल्या, "खुर्ची एक हाय आन बाया चाळीस. कोन कोन बसनार?" विषय संपला.

मावशी मी फक्त घरात म्हणायचं, हा त्यांचा नियम होता. उंबऱ्याच्या आत मी "लेकरा" आणि त्या "मावशी". उंबरा ओलांडला की मी "भाऊसाहेब" आणि त्या "चेअरमनबाई". सकाळी चहा देताना "लेकरा, साखर पुरली का?" म्हणणारी बाई दहा मिनिटांनी अंगणात मला अडवून विचारायची, "भाऊसाहेब, पाझर तलावाच्या कामाचा कागद कुठवर आला?" सुरुवातीला मला हे नाटक वाटलं. नंतर कळलं की त्यांच्या दृष्टीनं ती खरोखरच दोन निराळी माणसं होती.

कुठलाही कागद त्या दोनदा वाचून घ्यायच्या. स्वतः अडखळत वाचायच्या, म्हणून दुसऱ्याकडून वाचून घ्यायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. "येकदा कळायसाठी, दुसऱ्यांदा काय दडीवलंय ते बगायसाठी." संस्थेला आलेलं परिपत्रक असो, नाहीतर लग्नाची पत्रिका. एका पत्रिकेत दुसऱ्या वाचनात त्यांना मुहूर्ताची तारीख आणि वार जुळत नसल्याचं सापडलं होतं. मुलीचा बाप पळतच छापखान्यात गेला.

आणि पोच. पोच हा त्यांचा श्वास होता. शेजारी वाटीभर पिठलं पाठवलं तरी वाटी घेऊन गेलेल्या पोरीला विचारायच्या, "पोचलं का? कुनाच्या हातात दिलं?" जिल्ह्याच्या गावी एका साहेबांनी त्यांचा अर्ज ठेवून घेतला आणि "जा आता, बघतो" म्हणाले. बाई पोच मागत उभ्या राहिल्या. साहेब जेवायला गेले, आले, तरी बाई तिथेच. शेवटी साहेबांनी वैतागून शिक्का मारला. बाई म्हणाल्या, "राग नगा मानू साहेब. तुमी बदलून जाल. शिक्का ऱ्हाईल."

त्यांच्या दराऱ्याची एक सकाळ मला आठवते. सख्ख्या जावेच्या दुधात पाणी निघालं. सगळ्या बायांच्या देखत बाईंनी किटली परत केली. जाऊ रडली, भांडली, "घरच्या मानसाला तरी" म्हणाली. बाई म्हणाल्या, "घरी ये, माज्या वाट्याचं दूद ने. पर हितं न्हाई." जाऊबाई महिनाभर बोलल्या नाहीत. नंतर मात्र सगळ्यांत दाट दूध त्यांचंच यायला लागलं.

तर अशा या बाई. कराच्या बाबतीत त्यांचं वागणं गावाला कोड्यासारखं वाटे. घरपट्टी, पाणीपट्टी, शेतसारा, जे काही देणं असेल ते भरायला त्या पहिल्या दिवशी पहिल्या हजर असायच्या. संस्थेच्या सगळ्या बायांनाही भरायला लावायच्या. आणि पावती हातात पडली की तिथेच भांडायला सुरुवात करायच्या. "आता सांगा, नळाला पानी कावून न्हाई? दिवाबत्तीचा कर घेतला, मग खालच्या आळीला दिवा कावून न्हाई?" ग्रामसेवक एकदा हात जोडून म्हणाला, "बाई, तुम्ही भरू नका, पण भांडूही नका." बाई म्हणाल्या, "न भरता भांडलं तर तुमी आमाला फुकटं म्हनाल. भरल्यावर म्हनता येत न्हाई."

माझी चूक घडली ती माझ्या पहिल्याच दुष्काळात.

दरवर्षी पावसाळा सरत आला की गावच्या पिकाची पैसेवारी ठरते. जुनी माणसं तिला आणेवारी म्हणतात. नेहमीच्या पिकाच्या मानानं यंदा किती पिकलं, याचा तो एक आकडा. तो पन्नास पैशांच्या खाली आला तर सरकार मान्य करतं की या गावात दुष्काळ आहे. मग शेतसारा माफ होतो, पोरांच्या परीक्षेची फी माफ होते, जनावरांना छावणी मिळते, टँकर येतो, रोजगार हमीचं काम निघतं. आकडा वर राहिला तर काहीच होत नाही. आकडा ठरवायला गावात एक समिती असते, तिच्यात तलाठी, सरपंच, गावातले काही शेतकरी. कागदावर चेअरमनबाईही त्या समितीत होत्या. समितीनं शिवार फिरून बघायचं, असा नियम. प्रत्यक्षात तलाठ्यानं आकडा लिहायचा आणि घरोघरी सह्या गोळा करायच्या, असा रिवाज.

त्या वर्षी मृगात दोन सरी पडल्या आणि आभाळ जे कोरडं झालं ते झालंच. बाजरी गुडघ्याला लागली नाही. तरी आमच्या मंडळ अधिकाऱ्यांनी बैठकीत तोंडी सांगितलं, "पन्नासच्या खाली कुणी जायचं नाही. वरून तसं आहे." वरून म्हणजे कुठून, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. माझी तर नोकरीच अजून कच्ची होती. मी शिवारात पाऊलही न टाकता छप्पन्न पैसे लिहिले.

सह्या गोळा करायला मंडळ अधिकाऱ्यांची जीप घेऊन फिरलो. बाईंच्या दारात आलो तेव्हा जीप बाहेर हॉर्न वाजवत होती. बाई अंगणात शेण भरत होत्या. मी कागद पुढे केला.

"काय हाय, भाऊसाहेब? वाचा."

मी पानावरून नजर फिरवत म्हणालो, "पिकाची माहिती आहे. दरवर्षी जाते तशी."

"दुसऱ्यांदा."

"मावशी, जीप थांबलीय हो."

अंगणात उभं राहून मी त्यांना मावशी म्हणालो. आजही हे लिहिताना तोंड कडू होतं. त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, हात पदराला पुसले आणि सही केली. चार अक्षरांची, सावकाश, शेवटच्या अक्षराला खाली लांब ओढलेली.

आठवड्यानं आकडा चावडीवर जाहीर करायचा होता. माणसं जमली. बायाही होत्या, कारण परीक्षेच्या फीचा प्रश्न होता. मी कागद वाचला. छप्पन्न पैसे. माणसांत कुजबुज झाली, मग आवाज चढले. मागून बाईंचा आवाज आला, "भाऊसाहेब, दुसऱ्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"आन समितीत कोन कोन हायत, त्यांची नावं वाचा."

मी नावं वाचली. चौथं नाव त्यांचं होतं. चाळीस बाया चेअरमनबाईंकडे वळून बघायला लागल्या. धारेची वेळ झाली होती, बाई उठल्या आणि निघून गेल्या.

संध्याकाळी मी खोलीत बसून राहिलो. जेवायला जायचं तोंड नव्हतं. बाईंनीच हाक मारली. ताट वाढलेलं होतं, रोजच्यासारखंच. मी बसलो. त्या समोर बसल्या.

"उद्या मी हरकत घेनार हाय," त्या म्हणाल्या. "आज सांगून ठिवते. मागून म्हनू नका, सांगितलं न्हाई."

"मावशी, माझी नोकरी जाईल."

"तुमच्या नोकरीची फिकर मला बी हाय. पर त्या येका आकड्यावर आख्ख्या गावाची जनावरं हायत. खालच्या आळीच्या चार पोरी दहावीला हायत. त्यांची फिकर कोन करनार?"

मी मान खाली घालून बसलो. घास उचलेना. तेव्हा त्यांनी माझ्या ताटात भाकरी मोडून दूध ओतलं आणि म्हणाल्या, "हरकत भाऊसाहेबावर हाय, लेकरावर न्हाई. जेवा."

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं, तसं मी नोकरीत पुन्हा कधी पाहिलं नाही. संस्थेचा दुधाचा टेम्पो रोज नऊ गावं फिरायचा. त्या गावांतही आकडे असेच छप्पन्न-अठ्ठावन्नचे लागले होते. बाई टेम्पोत बसून निघाल्या. प्रत्येक गावात किटल्या चढवायला आलेल्या बायांना त्या सांगायच्या, हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, आज कितवा दिवस आहे, अर्ज कुणाच्या नावानं लिहायचा. एका मास्तरानं छापील नमुना करून द्यायची तयारी दाखवली, नावं तेवढी भरायची. बाईंनी नको म्हटलं. "येकसारक्या अर्जाला येकसारकं उत्तर येतं, मास्तर. जिला जे दिसतंय ते तिनं लिवावं. लिवता येत न्हाई तिचं तुमी लिवा, पर तिच्या तोंडानं."

ते अर्ज माझ्याकडेच यायचे, कारण त्या सगळ्या गावांच्या हरकती स्वीकारायचं काम माझ्यावरच टाकलेलं. रिकाम्या किटल्यांबरोबर टेम्पोतून उतरणारे कागद. काहींना दुधाचा वास. एकीनं लिहिलं होतं, "माझी बाजरी शेळीच्या पाठीएवढी आहे. शेळी बरोबर आणते, उभी करून बघावे." दुसरीनं लिहिलं होतं, "तूर फुलली नाही. माहेरी विचारायला गेले तर तिकडेही नाही." एका म्हातारीनं एकच ओळ लिहवून घेतली होती: "साहेब, माझी कणगी उघडून बघावी, झाकण जड नाही." मी प्रत्येकीला पोच देत होतो. ज्या आकड्यांविरुद्ध हे कागद होते, त्यांतला आमच्या गावचा आकडा माझा होता. आणि चेअरमनबाईंच्या घरी मी रोज जेवत होतो.

एक दिवस मी विचारलं, "मावशी, शेतसारा असतो किती? दोन-चार रुपये. त्याच्या माफीसाठी एवढी धावपळ?"

"सारा भरला की मी आदीच. पावती दावू का? माफीसाटी न्हाई वो. पिकलं न्हाई हे आमी बगतोय, जनावर बगतंय, मग सरकारच्या कागदानं कावून बगू नये?"

सुनावणी तहसील कचेरीत होती. दुधाचा टेम्पो भरून बाया आल्या. तहसीलदार नवे होते, समंजस वाटले. त्यांनी बाईंना समोरची खुर्ची दाखवली. बाई फरशीवर बसल्या, त्यांच्यामागे सगळ्या जणी. तहसीलदारांना टेबलाआडून त्या दिसेनात. ते उठून उभे राहिले, मग टेबलाला वळसा घालून पुढे आले आणि अख्खी सुनावणी त्यांनी उभ्यानंच घेतली.

अर्ज वाचून झाले. मग त्यांनी समितीचा कागद काढला.

"बाई, ही सही तुमची?"

"माजीच."

"समितीत तुम्ही आकड्याला सही करता आणि बाहेर येऊन हरकत घेता. हे कसं?"

मी भिंतीशी उभा होतो. शेजारी मंडळ अधिकारी. आता बाई माझं नाव घेणार, आणि घेतलं तर ते खरंच असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"चूक झाली, साहेब. मी कागद दोनदा वाचून घेते. त्या दिवशी येकदाच घेतला. चूक माजी हाय, मनून हरकत बी पैली माजीच हाय. बगा, वरचा अर्ज."

"कागद वाचून कुणी दाखवला?"

"ते माज्या घरातलं हाय. हितं नगं."

मंडळ अधिकाऱ्यांनी बुटानं माझा पाय दाबला. गप्प राहा, असा त्याचा अर्थ होता. मी गप्प राहिलो असतो तर निभावलंही असतं. बाईंनी दार उघडून ठेवलं होतं, मी निसटू शकत होतो. का कोण जाणे, त्या दाबलेल्या पायाचीच मला लाज वाटली.

"साहेब," मी म्हणालो, "मी शेतात गेलो नव्हतो."

तहसीलदार माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "आकडा मी खोलीत बसून लिहिला. बाईंना कागद नीट वाचून दाखवला नाही. बाजरी अजून उभी आहे. मोजून घ्यावी."

तहसीलदारांनी सुनावणी थांबवली आणि तिसऱ्या दिवशी स्वतः गावात आले. सर्व्हे नंबर चिठ्ठीनं काढले. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद जागा दोरीनं आखायची, तेवढंच पीक कापायचं, मळायचं आणि जे निघेल ते वजन करायचं, अशी रीत असते. मी पहिल्यांदाच ती दोरी हातात धरली. कणसं बोटाएवढी. तळहातावर चोळली की तूसच जास्त. एका तुकड्यातलं धान्य सुपात मावलं आणि सूप अर्धं रिकामं राहिलं. तहसीलदारांनी ते सूप हातात घेतलं, जरा वेळ धरून ठेवलं आणि खाली ठेवलं. बाई बांधावर बसल्या होत्या. मला वाटलं होतं, त्या जिंकल्यासारख्या दिसतील. त्या रडत होत्या. आपलं म्हणणं खरं ठरलं म्हणजे काय ठरलं, हे त्या सुपात दिसत होतं.

मग त्या नऊ गावांतही अशीच दोरी फिरली. अंतिम आकडा पन्नासच्या बराच खाली लागला, आमच्या गावचा आणि त्या नऊ गावांचाही. फी माफ झाली. टँकर आला. माघाच्या आधी छावणी लागली आणि दावणीची जनावरं दावणीलाच राहिली. पण सगळं काही साधलं नाही. अकरा जोडपी छावणीची वाट न बघता दसऱ्यालाच ऊसतोडीला निघून गेली होती. बाई त्यांच्या ट्रकपाशी गेल्या होत्या, एकेकीच्या लेकराला जवळ घेऊन म्हणत होत्या, "औंदा उशीर झाला, बाई. माज्याच हातानं झाला."

त्यांच्या हातानं झाला नव्हता. मला ते माहीत होतं.

मला कारणे दाखवा नोटीस आली. खुलासा लिहायला मी ओट्यावर बसलो. सगळे लिहितात तसं लिहिलं, की कामाच्या व्यापामुळे स्थळपाहणी करता आली नाही. बाई भाजी निवडत ऐकत होत्या.

"व्याप होता का?"

"नव्हता."

"मग काय होतं?"

"भीती होती."

"मग भ्याव लिवा. व्याप कावून लिवता?"

मी लिहिलं. "वरिष्ठांच्या तोंडी सूचनेमुळे भीती वाटून" असं सरकारी खुलाशात लिहिणारा बहुधा मी जिल्ह्यातला पहिलाच तलाठी असेन. त्यांनी तो खुलासा दोनदा वाचून घेतला, एका ठिकाणी "घडले" होतं तिथे "मी केले" करायला लावलं. माझी एक वेतनवाढ रोखली गेली. नोकरी राहिली. बदलीही झाली नाही, ती मंडळ अधिकाऱ्यांची झाली. पुढे मी नायब तहसीलदार होऊन निवृत्त झालो. त्या सगळ्या वर्षांत शिवारात न जाता मी पिकाचा आकडा लिहिला नाही. याचं श्रेय मला कुणी दिलं तर मी ते घेत नाही. ज्यांचं आहे, त्यांचं मी वर सांगितलं.

पण बाई मला पुरत्या कळल्या त्या पुढल्या वर्षी.

पुढल्या वर्षी पाऊस चांगला झाला. बाजरी माथ्याबरोबर, तुरीला शेंगांचे घोस. मी समितीला घेऊन सगळं शिवार फिरलो, बाई पुढे आणि आम्ही मागे. आकडा सत्तरच्या घरात निघाला. तो चावडीवर लावल्यावर गावातली जाणती माणसं बाईंकडे आली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गेल्या वर्षी हरकतीनं एवढं मिळालं, औंदाही नऊ गावांच्या हरकती टाका. छावणी नको, पण फी तर माफ होईल. बाया तुमच्या शब्दाबाहेर नाहीत.

"औंदा तर पिकलंय," बाई म्हणाल्या.

"अवो चेअरमनबाई, सरकारला काय दिसतंय?"

"मागल्या साली सरकारला दिसत न्हाई मनून आपुन भांडलो ना? आता आपल्यालाच दिसंना व्हय?"

माणसं रागावून गेली. आणि चौथ्या दिवशी बाई चावडीत माझ्यासमोर आल्या. हातात कागद होता. तो त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता, ओळी वरखाली गेलेल्या. संस्थेच्या वतीनं त्यांनी कळवलं होतं की पीक समितीनं शेतात जाऊन बघितलं आहे, आकडा खरा आहे, आमची हरकत नाही.

मी म्हणालो, "चेअरमनबाई, असा अर्ज द्यावा लागत नाही. हरकत नसली की काहीच द्यायचं नसतं."

"मला ठावं हाय. पर मागल्या साली पिकलं न्हाई ते कागदावर आलं. औंदा पिकलं ते बी येऊ द्या."

तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे हजारो हरकती आल्या. असा अर्ज तो एकच आला.

त्याची किंमत त्यांना लगेच मोजावी लागली. गावात बोभाटा झाला, की बाई सरकारच्या बाजूच्या झाल्या, तलाठी घरात ठेवलाय तो कशाला. महिन्याभरात संस्थेची निवडणूक होती. ज्या चाळीस जणी त्यांच्यामागे फरशीवर बसल्या होत्या, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींनी दुसरीकडे मत दिलं. त्यांतल्या काही जणींना घरच्या माणसांनी बजावलं होतं, हे बाईंना ठाऊक होतं. निकाल कळला तेव्हा त्या म्हशीला पाणी पाजत होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि बादली भरायला वळल्या. नवरा त्या दिवशी एक वाक्य जास्त बोलला. "लई चांगली चालीवली तू," तो म्हणाला. त्यानं बायकोला अगं-तुगं केलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी संस्था नव्या चेअरमनच्या पडवीत हलली. सकाळी दूध घालायची वेळ झाली. मी दात घासत दारात उभा होतो. रस्त्यापलीकडे रांग लागली होती. बाई आपली किटली घेऊन आल्या आणि रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या. त्यांची ती जाऊ रांगेत पुढून तिसरी होती. ती बाजूला झाली आणि म्हणाली, "या अक्का, म्होरं या."

बाईंनी किटली खाली ठेवली, पदर सारखा केला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "माज्या आदी नऊ जनी आल्यात."